भिंतीचा रंग दुकानात ठरत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला आणि भिंतींतील ओल ओसरू लागली की दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकामाचा विषय निघतो. दुकानदार शेड कार्ड पुढे करतो, त्यावर बोटाच्या पेराएवढे शेकडो चौकोन असतात, आणि घरातील सगळी माणसे दुकानाच्या दिव्याखाली उभी राहून पुढील सात-आठ वर्षांचा निर्णय दहा मिनिटांत उरकून टाकतात. मीही एकदा असाच पिस्ता रंग पसंत करून आलो होतो. दुकानात तो बर्फीसारखा लोभस वाटला. परंतु भिंतीवर त्याचे दोन हात चढले आणि रात्री पांढरी ट्यूबलाइट लागली, तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीला दवाखान्याची कळा आली. रंगात काही खोट नव्हती. ज्या खोलीत तो लागायचा होता, त्या खोलीला मी काही विचारलेच नव्हते.

भिंतीवर दिसणारा रंग तिघांचा मिळून होतो: डब्यातील रंग, खोलीत येणारा उजेड आणि शेजारी असलेल्या वस्तू. यांतील पहिल्याचीच आपण निवड करतो आणि उरलेल्या दोघांना गृहीत धरतो, म्हणून आज त्या दोघांविषयी अधिक बोलावेसे वाटते.

प्रथम उजेड पाहू. उत्तरेच्या खिडकीतून येणारा प्रकाश वर्षातील बराच काळ थेट उन्हाचा नसतो. तो आकाशाचा, थंड आणि बराचसा स्थिर असतो. अशा खोलीत फिका निळा किंवा राखाडी रंग दिला तर ती उदास दिसते, उलट मोतिया, बदामी किंवा श्रीखंडी छटा तिला ऊब देतात. पश्चिमेच्या खोलीची गोष्ट निराळी आहे. दुपारनंतर तिथे तांबूस ऊन येते आणि सकाळी साधा पिवळा दिसणारा रंग संध्याकाळी केशरी होतो; एप्रिल-मे महिन्यांत तर डोळ्यांनाच उकडू लागते. तिथे फिकट शेवाळी किंवा निळसर छटा अधिक सुखाची. दक्षिणेकडे हिवाळ्यात सूर्य खाली उतरलेला असल्याने ऊन खोलीत दूरवर शिरते आणि उन्हाळ्यात तो माथ्यावर असल्याने फारसे आत येत नाही, त्यामुळे एकच भिंत डिसेंबरात आणि मे महिन्यात वेगळी दिसते. शहरात मात्र दिशेइतकेच महत्त्व समोरच्या इमारतीला असते. शेजारच्या इमारतीची भिंत विटकरी असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड तुमच्या पांढऱ्या भिंतीला गुलाबी करतो आणि खिडकीबाहेर आंब्याचे दाट झाड असेल तर हिरवट. हे कुठल्याही शेड कार्डावर छापलेले नसते.

रात्रीचा उजेड तर आपण स्वतःच विकत आणतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर 3000 केल्विन लिहिले असेल तर तो पिवळसर असतो आणि 6500 केल्विन असेल तर निळसर पांढरा. पिवळसर दिव्याखाली निळे-जांभळे रंग मंदावतात. निळसर दिव्याखाली बदामी रंगाची ऊब जाते. नोकरी करणारी माणसे बैठकीची खोली बहुतेक रात्रीच पाहतात, तेव्हा रंग पसंत करण्याआधी दिवा कोणता राहणार आहे हे ठरवावे. रंग बदलण्यापेक्षा दिवा बदलणे स्वस्त आहे, हे मला पिस्ता प्रकरणानंतर समजले.

आता शेजाऱ्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील गोबेलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाची जबाबदारी मिशेल युजीन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तेव्हा काळ्या रंगात दोष आढळला नाही. शेजारच्या निळ्या आणि जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोन्ही एकमेकांना बदलतात, या नियमाची सविस्तर मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. लाल काठाशेजारी हिरवा खण अधिक हिरवा दिसतो, हे आपल्याकडे लुगडे निवडणाऱ्या बायकांना असे ग्रंथ न वाचताच ठाऊक होते.

घरात या नियमाची परीक्षा फरशीपाशी होते. फरशी सहसा बदलली जात नाही, पण रंग निवडताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. हिरवट झाक असलेल्या कोटा फरशीवर गुलाबी भिंत उभी केली की फरशीचा हिरवेपणा वाढतो आणि ती शेवाळल्यासारखी दिसते. राखाडी शहाबादीशेजारी भडक पिवळी भिंत आली की फरशी निळसर आणि मलूल वाटू लागते. फरशी, लाकडी कपाटे, मोठा सोफा अशा पुढील दहा वर्षे न हलणाऱ्या वस्तू आधी मोजाव्यात आणि भिंतीने त्यांच्याशी जुळवून घ्यावे.

कोकणातील जुन्या घरांत हे फार सहज साधलेले दिसते. चुन्याची पांढरी भिंत आणि खाली कंबरेइतका गेरूचा पट्टा, एवढाच तो मामला. हाताचे डाग, लहान मुलांच्या पायांचे ठसे आणि उडणारी लाल माती त्या पट्ट्यात मुरून जात, आणि कौलारू छपराखालच्या अंधाऱ्या माजघरात वरचा पांढरा चुना मिळेल तेवढा उजेड परतवीत असे. ती सोय होती. शोभा तिच्या मागून आली.

रंग किती उजेड परतवतो याचा एक आकडा काही कंपन्या शेड कार्डाच्या मागे देतात, त्याला एलआरव्ही म्हणतात. स्वच्छ पांढऱ्याचा हा आकडा 80 च्या वर असतो आणि गडद रंगांचा खूप खाली उतरतो. अंधाऱ्या खोलीसाठी तो जरूर विचारावा. त्याचप्रमाणे, छोट्या चौकोनात सौम्य दिसणारा रंग चार भिंतींवर पसरला की भडक होतो, म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घेणे बरे.

नमुना पाहण्याची रीत सोपी आहे. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्यावेत, भोवती पांढरी कड सोडावी आणि तो पुठ्ठा फरशीला टेकवून वेगवेगळ्या भिंतींशी सकाळी, दुपारी आणि दिवा लावून पाहावा. थेट जुन्या भिंतीवर पट्टा मारू नये, कारण जुना रंग शेजारी बसून नव्याची चुगली करतो. आणि भिंत खडबडीत असेल, पुट्टीचे काम उणे असेल, तर चकचकीत लस्टरचा मोह टाळावा; तो प्रत्येक उंचवटा दाखवून देतो.

काम संपल्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावी. दोन वर्षांनी खिळा काढल्यावर पडलेली खपली भरायला रंगारी येईल, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

नमस्कार.