हाडाला खेटून : दंड आणि कोपर

(दृश्य : मागच्या बाजूने दिसणारा उघडा हात. कोपराभोवती पेनाने केलेल्या तीन खुणा.)

हात ताठ सरळ करा आणि दुसऱ्या हाताने कोपर मागून चाचपून बघा. आतल्या अंगाला हाडाचं एक ठसठशीत टोक लागेल. बाहेरच्या अंगाला दुसरं, जरा बुटकं. दोन्हींच्या मधे, मागच्या बाजूला, खुद्द कोपराचं टोक. तिन्हींवर एकेक बोट ठेवा. हात सरळ असेल तर तिन्ही बोटं एका आडव्या रेषेत येतात. आता बोटं टोकांवरच ठेवून हात काटकोनात दुमडा. मधलं टोक खाली उतरलं आणि रेषेचा त्रिकोण झाला.

अस्थिरोगतज्ज्ञ हा त्रिकोण एक्स-रेच्या आधी बघतात. कोणी पडलं, कोपर सुजून आलं, तर पहिला प्रश्न असतो : सांधा निखळलाय की सांध्याच्या वर हाड मोडलंय? सांधा निखळला की मधलं टोक बाकीच्या दोघांना सोडून सरकतं, त्रिकोण बिघडतो. हाड वर मोडलं असेल तर तिन्ही टोकं एकत्रच हलतात आणि त्रिकोण जसाच्या तसा राहतो. नुसत्या बोटांनी इतकं कळतं, याचं कारण कोपराला मागून मांसच नाही. कातडीच्या लगेच खाली हाड. दंडात जे स्नायूंच्या आड सुखरूप असतं, ते कोपराशी येईपर्यंत हाडाला खेटलेलं असतं. या भागाची सगळी करामत आणि सगळी जोखीम इथे आहे.

(दृश्य : दंडाचं सुटं हाड, खालचं टोक जवळून.)

खांद्यापासून कोपरापर्यंत एकच हाड, ह्युमरस. वर गोल, मधे नळीसारखं, खाली चपटं आणि रुंद. खालच्या टोकाला शेजारी शेजारी दोन वेगळे आकार आहेत. आतल्या बाजूला कप्पीसारखी खाच, तिच्यात कोपराखालच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचं, अल्ना, पक्कं बसतं आणि फक्त पुढेमागे फिरतं. बाहेरच्या बाजूला गुळगुळीत गोल उंचवटा, त्यावर अंगठ्याकडच्या रेडियस हाडाचं वाटोळं डोकं टेकतं. हे डोकं वाकतंही आणि जागच्या जागी फिरतंही. कुलपात किल्ली फिरवताना, पाणी ओतताना फिरतं ते हेच. रेडियस आणि अल्ना एकमेकांना जिथे टेकतात तो तिसरा सांधा. म्हणजे आपण ज्याला एक कोपर म्हणतो ते एकाच पिशवीत बसवलेले तीन सांधे आहेत.

हात पूर्ण सरळ झाला की अल्नाचं मागचं टोक ह्युमरसच्या मागच्या खळग्यात जाऊन बसतं. पूर्ण वाकवला की अल्नाचा पुढचा भाग पुढच्या खळग्यात शिरतो. या दोन खळग्यांमधली हाडाची भिंत इतकी पातळ असते की उजेडापुढे धरली तर तिच्यातून प्रकाश दिसतो. काही माणसांत तर तिथे चक्क आरपार भोक असतं आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. पण हात टेकून पडल्यावर हाड कुठे मोडणार, ते इथेच ठरलेलं आहे.

(दृश्य : तालमीत दंड फुगवून दाखवणारा पैलवान.)

दंड म्हटला की सगळ्यांना बायसेप्स आठवतो. फुगतो, दिसतो, म्हणून मान त्याला. हात वाकवण्याचं मुख्य काम मात्र त्याच्या खाली दडलेला ब्रेकियालिस करतो. तो ह्युमरसवरून निघून थेट अल्नाला चिकटतो, त्यामुळे तळहात वर असो की खाली, कोपर वाकवायला तो हजर असतो. बायसेप्सची खरी खुबी वेगळी आहे. त्याचा शेवट रेडियसवर होतो. कोपर काटकोनात ठेवा, दुसऱ्या हाताने दंड धरा आणि तळहात खाली-वर फिरवा. तळहात वर वळताना बायसेप्स टणक होतो, खाली वळताना सैल पडतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना जो जोर लागतो, त्यातला मोठा वाटा याचा. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या शरीररचनेच्या चित्रांमध्ये बायसेप्सचं हे फिरवण्याचं काम दाखवून ठेवलं आहे.

मागच्या बाजूला ट्रायसेप्स. तीन डोकी, एक शेपूट, आणि ती शेपूट कोपराच्या टोकाला घट्ट. दंडाचा घेर वाढवायचा असेल तर मेहनत यावर करायला हवी. तालमीतले वस्ताद पोरांकडून जोर काढून घेतात ते उगाच नाही.

(दृश्य : दवाखाना. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप.)

पुढच्या बाजूने, बायसेप्सच्या आतल्या कडेने, दंडाची मुख्य धमनी खाली येते. दंडाच्या मधोमध आतल्या बाजूला बोटं दाबली तर तिचे ठोके लागतात. ती हाडाच्या जवळ आहे, दाबता येते, आणि दंड हृदयाच्या साधारण पातळीवर असतो. म्हणून रक्तदाबाचा पट्टा इथे. 1896 मध्ये इटलीतल्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणला. त्याने फक्त वरचा दाब कळायचा. 1905 मध्ये रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कोव यांनी पट्ट्याच्या खाली धमनीवर कान लावला. हवा सोडत गेल्यावर कुठे ठक् ठक् सुरू होतं आणि कुठे थांबतं, त्यावरून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे मिळाले. आज घरोघरी यंत्रं आलीत, पण डॉक्टर स्टेथोस्कोप टेकवतात ती जागा कोरोत्कोव यांचीच.

याच खळगीत कातडीखाली निळसर शीर दिसते. तपासणीसाठी रक्त काढतात ते बहुधा तिच्यातून. ही शीर आणि खालची धमनी यांच्या मधे बायसेप्सपासून निघालेला एक पातळ, चिवट पडदा असतो. पूर्वी युरोपात न्हावी दुखण्यावर उपाय म्हणून शीर कापून रक्त सोडायचे, तेव्हा त्यांच्या हाताखालून धमनी वाचायची ती बरेचदा या पडद्यामुळे.

(दृश्य : मज्जातंतूंचं रेखाटन. तीन रंगांच्या रेषा खांद्यापासून खाली.)

आता मज्जातंतू. पहिला मीडियन. तो धमनीच्या सोबतीने पुढून येतो, त्याची हकिकत मनगटाशी जास्त रंगते, इथे सोडून देऊ. दुसरा रेडियल. तो मागून फिरतो, ह्युमरसच्या मधल्या भागाला अक्षरशः चिकटून. तिथे हाड मोडलं तर तो दुखावतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून माणूस गाढ झोपला, दारूच्या नशेत असेल तर अधिकच, की सकाळी मनगट उचलत नाही. पंजा लोंबतो. घरचे अर्धांगवायूच्या भीतीने धावतात. दाबामुळे झालेला हा लुळेपणा बहुतेकदा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत भरून येतो, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

तिसरा अल्नर. कोपराच्या आतल्या टोकामागे एका खाचेतून जातो, वर फक्त कातडी आणि एक पातळ पट्टी. टेबलाच्या कडेला कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी वीज जाते ती याची. कोपर दुमडलं की खाच अरुंद होते आणि तंतू ताणला जातो. तासन् तास फोन कानाला लावून बोलणाऱ्यांची, हात दुमडून उशीखाली घेऊन झोपणाऱ्यांची करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर होते, ती म्हणूनच.

या तंतूचं कातडीजवळ असणं एका जुन्या रोगाच्या फार पथ्यावर पडलं. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात. कोपराच्या वर, कातडीलगत असलेला अल्नर तंतू त्याला अगदी सोयीचा. तंतू सुजून जाड होतो, करंगळीकडच्या भागाची संवेदना जाते, हाताचे बारीक स्नायू सुकतात आणि करंगळी-अनामिका आत वळतात. चटका लागला तरी कळत नाही, जखमा होतात, त्या चिघळतात. लोकांनी बोटं झडतात असं म्हणून ज्यांना गावाबाहेर काढलं, त्यांची बोटं जंतू खात नव्हता. न दुखणाऱ्या जखमांनी ती जात होती. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं ते अशाच माणसांसोबत. वेल्लोरमध्ये सर्जन पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात स्नायूंच्या दोऱ्या एका जागेवरून दुसरीकडे जोडून अशा वळलेल्या बोटांना पुन्हा काम करायला लावलं.

गावोगावी आरोग्यसेवक आजही संशयित रुग्णाचं कोपर दुमडवतात आणि आतल्या टोकामागे बोटाने तंतू हळूच चाचपतात. दोन्ही हातांची तुलना करतात. एका बाजूला तो दोरीसारखा जाड लागला, दाबल्यावर दुखला, की पुढची तपासणी. औषधं मोफत आहेत, रोग बरा होतो. वेळेत पकडला तर हातही वाचतो.

(दृश्य : शाळेचं मैदान. घसरगुंडी, झोके.)

मुलांच्या कोपराची गोष्ट वेगळीच. बाळाच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक पदार्थाचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. हाडाचे ठिपके एकेक करून उगवतात, पहिला साधारण पहिल्या वर्षी, मग ढोबळमानाने दर दोन वर्षांनी पुढचा, अकराव्या वर्षापर्यंत सहा. कुठला ठिपका कोणत्या वयात असावा हे पाठ नसेल तर डॉक्टरही फसतो. म्हणून शंका आली की दुसऱ्या, चांगल्या कोपराचा एक्स-रेही काढून शेजारी ठेवतात.

लहानग्याला रस्ता ओलांडताना हाताला धरून हिसका दिला, की रेडियसचं डोकं धरून ठेवणारी गोल पट्टी निसटून सांध्यात अडकते. पोर रडतं, हात हलवत नाही, सूज मात्र काहीच नाही. जाणकार डॉक्टर हात एका विशिष्ट तऱ्हेने वळवतात, बारीकसा खट्ट आवाज येतो आणि थोड्या वेळात पोर त्याच हाताने बिस्कीट मागतं. घरी असा प्रयोग करू नये, कारण आत मोडलेलं हाड असेल तर ते आणखी बिघडेल.

हाड मोडतं ते बहुतेक पाच ते सात वर्षांच्या वयात. झाडावरून, झोक्यावरून पडताना मूल हात पुढे टेकतं आणि दंडाचं हाड त्या पातळ भिंतीपाशी तुटतं. तुटलेली धार पुढे सरकली तर धमनी आणि मीडियन तंतू तिच्या समोरच असतात. आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते ती बांधण्यात. हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून, लेप देऊन पट्टी आवळतात. कधी दवाखान्यातलं प्लास्टरही सुजेला जागा न ठेवता घातलं जातं. आत सूज वाढते, बाहेर पट्टी सैल होत नाही, मग स्नायूंना रक्तच पोचत नाही. 1881 मध्ये जर्मनीतल्या हाले इथले सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी याचं नेमकं वर्णन केलं : घट्ट बांधलेल्या हातात रक्ताअभावी स्नायू मरतात, आखडतात, आणि मनगट व बोटं कायमची वाकडी होतात.

हाडवैद्याच्या हातात अनुभव नसतो असं नाही. पण या एका मोडीच्या बाबतीत मी अजिबात मधलं मत घेणार नाही. कोपर सुजलेल्या मुलाला आधी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. पट्टी बांधल्यावर वेदना वाढतच असेल, बोटं हलक्या हाताने सरळ करताना मूल किंचाळत असेल, बोटं बधिर, फिकी किंवा गार वाटत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. मनगटाची नाडी लागते म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही, कारण ती शेवटपर्यंत लागू शकते. स्नायूंकडे थोडेच तास असतात.

(दृश्य : क्रिकेटचं मैदान. गोलंदाजाचा हात संथ गतीत.)

मोठ्यांच्या कोपराला प्रसिद्धी मिळाली ती क्रिकेटमुळे. 1995 च्या बॉक्सिंग डे कसोटीत मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी मुथय्या मुरलीधरन चेंडू टाकत नाही, फेकतो असं ठरवून त्याचे चेंडू नो-बॉल दिले. मुरलीधरनचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. पण वाकडा हात हा गुन्हा नाहीच. चेंडू सोडताना हात किती सरळ होतो, एवढाच प्रश्न असतो. त्यात प्रत्येकाच्या कोपराला मुळातच बाहेरच्या बाजूला एक तिरकसपणा असतो, त्यामुळे एका कॅमेऱ्यातून बघितलं तर सरळ हातही वाकडा दिसू शकतो. मोजमापं झाली तेव्हा लक्षात आलं की वैध वाटणारे गोलंदाजही थोडाफार हात सरळ करतातच. 2005 पासून आयसीसीने सगळ्यांना 15 अंशांची मुभा दिली.

त्याच वर्षी सचिन तेंडुलकरच्या कोपरावर लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि टेनिस एल्बो हा शब्द महाराष्ट्रात घराघरात पोचला. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या टोकाला जिथे धरलेले असतात, तिथली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, झिजते. हे दुखणं होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. कपडे पिळणं, लाटणं फिरवणं, पाना आवळणं एवढं पुरतं. बहुतेकांचं विश्रांती, कामाची पद्धत बदलणं आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम यांनी भागतं. शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवर येते.

(दृश्य : व्यायामोपचार कक्ष. रुग्ण स्वतःच हात वाकवतो, सरळ करतो.)

मार लागलेलं कोपर फार लवकर आखडतं. मग घरातलं कोणी तेल घेऊन बसतं, जोर लावून चोळतं, ओढून सरळ करतं. कोपराच्या अगदी समोरच ब्रेकियालिस आहे, तो दुखावलेला असतो, आणि अशा रगडण्याने त्याच्या आत चक्क हाड तयार होऊ शकतं. मालिशने सांधा मोकळा होण्याऐवजी कायमचा अडकतो. म्हणून डॉक्टर सांगतात, कोपर दुसऱ्याने हलवायचं नाही. रुग्णाने स्वतः हलवायचं, जेवढं सोसेल तेवढंच, पण रोज.

पूर्ण हालचाल परत आली नाही तरी फार बिघडत नाही. निरोगी कोपर साधारण 140 अंशांपर्यंत वाकतं. जेवणं, केस विंचरणं, दार उघडणं, फोन कानाला लावणं, यातलं बहुतेक सगळं 30 ते 130 अंशांच्या दरम्यान होतं. हात शेवटचे काही अंश सरळ झाला नाही तर आरशात दिसेल, कामात क्वचितच अडेल. घास तोंडापर्यंत गेला पाहिजे, एवढं डॉक्टर आधी बघतात.