भरून येताना आवळणारी अन्ननलिका

दुर्बीण घशातून खाली चाललीय. हवा अगदी बेतानं सोडायची, कारण दाहक रसायन गिळल्यानं भाजलेली अन्ननलिकेची भिंत ताण सोसत नाही. ही तपासणी शक्यतो पहिल्या 24 तासांत उरकतात. काही दिवसांनी भिंत आणखी ठिसूळ होते.

गुलाबी अस्तर संपलं. हे पांढरट पापुद्रे... आणि हा काळा पट्टा. काळं दिसलं की समजायचं, जखम खोल गेलीय. याच रुग्णाचे ओठ आणि जीभ जवळजवळ स्वच्छ आहेत. तोंड बघून आतला अंदाज बांधू नये, तो इथेच चुकतो.

गटार मोकळं करायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण करत, पेशी विरघळवत आत उतरतो. आम्लानं प्रथिनं गोठतात, वर खपली धरते. पण ते जठरात साचलं तर जठराचं खालचं तोंड आवळतं. उलटी करवली की तेच रसायन त्याच नळीतून पुन्हा वर येतं. उतारा म्हणून आम्लावर सोडा किंवा सोड्यावर आम्ल पाजलं, तर वर उष्णतेची भर.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून खरी अडचण. दुखणं थांबलेलं, जखम भरत आलेली, आणि भरतानाच व्रण आकसतो. आधी घट्ट घास अडकतो, मग पातळही. नेमकं याच वेळी लोक तपासणीला येणं सोडतात.

आता टेबलावर बघा, आकसलेली नळी रुंद करायचं काम. आधी तार, अरुंद जागेतून थेट जठरापर्यंत. क्ष-किरणांच्या पडद्यावर तिचं टोक दिसतंय. तारेवरून डायलेटर, म्हणजे नळी ताणून रुंद करणारी निमुळती कांडी, सरकतो. सुरुवात 5 मिलिमीटरच्या आसपास. डॉक्टरांचं लक्ष बोटांकडे. अडथळा लागला की तिथून पुढे एका बैठकीत जास्तीत जास्त 3 मिलिमीटर. टोकाला रक्ताची रेघ आली तर चालते. छातीत किंवा पाठीत कळ आली, मानेच्या कातडीखाली हवा शिरून ती दाबल्यावर करकरली, तर भिंत फाटल्याचा संशय. काम तिथेच थांबतं.

आठवड्या-दोन आठवड्यांनी हेच पुन्हा, नळी 14-15 मिलिमीटरवर टिकेपर्यंत. नाहीच टिकली तर शस्त्रक्रिया करून मोठ्या आतड्याचा तुकडा अन्ननलिकेच्या जागी बसवतात. काही दशकांनी भाजलेल्या अन्ननलिकेत कर्करोगाचा धोकाही वाढतो.

तार बाहेर आली. आजचं माप, 9.