पियानो, ड्रम आणि एक्स जपान

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचे आहे एक्स जपान या जपानी रॉक बँडविषयी. चाळीस वर्षांहून मोठा प्रवास, आणि स्टुडिओत केलेले अल्बम जेमतेम पाच. एवढ्या थोड्या कामावर त्यांनी जपानमध्ये जे प्रेम मिळवले, त्याचे मला आजही नवल वाटते.

चिबा प्रांतात तातेयामा नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथल्या बालवाडीत योशिकी आणि तोशी यांची मैत्री झाली, तेव्हा दोघे चार वर्षांचे होते. योशिकीच्या घरचे किमोनोचे दुकान होते आणि तो लहानपणापासून पियानो शिकत होता. तो दहा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर त्याला ‘किस’ या अमेरिकन बँडचे वेड लागले आणि घरात ड्रम आले. पियानोही सुटला नाही. एक हात अभिजात संगीतात आणि दुसरा हात रागाने ड्रमवर, असे त्याचे आयुष्य तेव्हापासून सुरू झाले. या बँडचे सगळे संगीत मला त्या दोन वाद्यांच्या झगड्यातून आलेले वाटते.

1982 मध्ये दोघा मित्रांनी ‘एक्स’ हा बँड काढला. योशिकी ड्रम आणि पियानोवर, तोशी गायक. 1986 मध्ये योशिकीने आईच्या पैशांच्या आधारावर स्वतःची ‘एक्स्टसी रेकॉर्ड्स’ ही कंपनी उभी केली. पुढे गिटारवर हिदे आणि पाता, बेसवर ताइजी, असा पाच जणांचा संच जमला. 1988 मध्ये पहिला अल्बम याच घरच्या कंपनीतून आला. पुढच्याच वर्षी सीबीएस सोनीने ‘ब्लू ब्लड’ काढला आणि त्यांचे नाव देशभर झाले. आकाशाला भिडलेले रंगीत केस, चेहऱ्यावर रंगरंगोटी, भडक कपडे. जपानमध्ये ‘व्हिज्युअल केई’ म्हणून जी परंपरा ओळखली जाते, तिच्या मुळाशी हीच मंडळी आहेत.

पण वेश बाजूला ठेवा आणि त्यांचे ‘कुरेनाई’ हे गाणे ऐका. सुरुवातीला गिटारचे एकेक सूर हळूच सुटतात, तोशी जवळजवळ स्वतःशीच गातो. आणि मग ड्रम येतात ते थेट द्रुत लयीत, श्वास घ्यायला सवड न देता. त्या वेगातही चाल इतकी गोड राहते की पहिल्यांदा ऐकणाराही गुणगुणू लागतो. जपानमध्ये शालेय बेसबॉलच्या सामन्यांत मुले आपल्या संघाला चेतवायला बँडवर हे गाणे वाजवतात.

1992 च्या जानेवारीत त्यांनी टोकियो डोम या भव्य स्टेडियममध्ये सलग तीन रात्री कार्यक्रम केले. त्यानंतर ताइजीने बँड सोडला, बेसवर हीथ आला. अमेरिकेत ‘एक्स’ नावाचा बँड आधीच होता, म्हणून नाव एक्स जपान झाले. 1993 मध्ये ‘आर्ट ऑफ लाइफ’ आला. अख्ख्या अल्बममध्ये एकच रचना, सुमारे एकोणतीस मिनिटांची, लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत. मधोमध कित्येक मिनिटे नुसता पियानो आहे. एक पियानो तीच ओळ शांतपणे वाजवत राहतो, आणि त्यावर दुसरा पियानो हळूहळू बेभान होत जातो, सूर मोडतो, आदळतो. माझ्या मते योशिकीने यापेक्षा खरे काही लिहिलेले नाही. ज्याला हा भाग कर्कश वाटेल, त्याने एकदा शेवटपर्यंत थांबून पाहावे.

1997 मध्ये तोशीने बँड सोडायचे ठरवले. आत्मविकासाची शिबिरे घेणाऱ्या एका गटाच्या प्रभावात तो होता. त्या काळाविषयी त्याने नंतर स्वतः पुस्तक लिहिले. 31 डिसेंबरला टोकियो डोममध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. त्याच रात्री हे सगळे एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरच्या प्रसिद्ध गायन कार्यक्रमात गेले आणि तिथे शेवटचे गाणे सादर केले. पुढे पाच महिनेही झाले नाहीत, तोच 2 मे 1998 रोजी हिदे वारला. वय अवघे 33. टोकियोतल्या त्सुकिजी होंगान-जी मंदिरात त्याच्या अंत्यविधीला हजारो तरुण रस्त्यावर रांगा लावून उभे होते.

खरे तर इथे सगळे संपायला हवे होते. बालवाडीतले ते दोन मित्र दहा वर्षांनी पुन्हा एकत्र आले, आणि मार्च 2008 मध्ये पुन्हा टोकियो डोम भरला. पडद्यावर हिदेची प्रतिमा उजळली आणि त्याची गिटार वाजली. त्याच्या जागी दुसरा सभासद त्यांनी मानला नाही. ‘लुना सी’ या बँडचा सुगिझो 2009 मध्ये सहावा सभासद म्हणून आला. हा ‘लुना सी’ एके काळी योशिकीच्याच कंपनीतून पुढे आला होता.

2010 च्या ऑगस्टमध्ये योकोहामाच्या मैदानावर ताइजीही जुन्या मित्रांसोबत वाजवून गेला. पुढच्या जुलैत तोही वारला. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, 2017 मध्ये लंडनच्या वेम्बलीत बँडचे कार्यक्रम झाले. वर्षानुवर्षे मान झटकत ड्रम वाजवल्याने योशिकीच्या मानेवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हीथ कर्करोगाने गेला.

आता श्रोतेहो, आपण ‘कुरेनाई’ ऐकू. सुरुवात फार हळू आहे, तेव्हा आवाज थोडा वाढवून ठेवा. ड्रम सुरू झाल्यावर कमी करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी करणार नाही.