घुमटाचं दुसरं तोंड

(गोव्यातलं डिचोली. सकाळ. कुंभाराचं चाक फिरतंय. निवेदन दहा सेकंदांनी.)

मडक्याला एक तोंड असतं, घुमट या गोव्यातल्या मातीच्या वाद्याला दोन. रुंद तोंडावर कातडं चढतं. अरुंद तोंड उघडं राहतं, त्यावर वाजवणाऱ्याचा तळहात झाकतो, उघडतो, पुन्हा झाकतो. कातड्यावर पडते ती थाप. पण घुमटाचं ते पोटातून येणारं ‘घूं’ या दुसऱ्या तोंडातून निघतं.

चाकाशी उकिडवा बसलेला मुलगा रॅपर आहे. त्याचं रॅपमधलं नाव खाली पट्टीवर आलंच आहे. डिचोलीच्या बाजारात त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नाही. तिथे तो अजून ‘टिप्परवाल्याचो पूत’.

(अंगणात उभा टिप्पर. चाकांभोवती गवत.)

हा तो टिप्पर, खनिज वाहणारा ट्रक. 2012 मध्ये गोव्यातलं लोहखनिज बंद पडलं, मधे सुरू झालं, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबलं. डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी अंगणांत तेव्हा असे ट्रक उभे राहिले. याच्या केबिनमध्ये बसून त्याने पहिल्यांदा यमकं जुळवली. आत आवाज चांगला घुमतो, असं तो सांगतो.

(जुनी क्लिप. पणजीचा मिरामार किनारा, रात्र.)

आणि हा त्याचा पहिला अल्बम. मिरामारचा रस्ता, भाड्याची गाडी, मित्राचा गॉगल. शब्द हिंदी, उच्चार मुंबईच्या गल्लीतला. हा मुलगा मुंबईला आयुष्यात चार दिवस राहिलाय, तेही मावशीच्या लग्नाला. आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे सूर यंत्राने सरळ करणं, इतकं, की आजीने फोन हातात धरून विचारलं, “हो आवाज कोणाचो रे?”

अल्बम पडला. मित्रांनीसुद्धा शेवटपर्यंत ऐकला नाही. त्यानंतरच्या दिवसांचं आमच्याकडे काहीच चित्रित नाही, म्हणून पुढे जाऊ.

(खोली. भिंतीवर पोस्टर.)

भिंतीवर अमेरिकन रॅपर एमिनेम आहे. जगातल्या निम्म्या रॅपरांच्या भिंतीवर तो असेल, पण या मुलाने तो नीट वाचलाय. या माणसाचे दोन अल्बम फसले आणि दोन्ही वेळा तो परत आला, पण दोन वेगळ्या वाटांनी. 2017 च्या डिसेंबरमधल्या अल्बमवर टीका झाली तेव्हा तो चिडला. 31 ऑगस्ट 2018 ला काहीही जाहीर न करता नवा अल्बम सोडला आणि समीक्षकांना नावं घेऊन झोडपलं. अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या आधीची वाट मात्र वेगळी होती. 2009 च्या अल्बमनंतर 2010 मध्ये त्याने गाण्यातच कबूल केलं, की मागचं काही फारसं जमलं नव्हतं, उच्चारांचे नखरे जरा अतीच झाले.

उच्चारांचे नखरे! ही ओळ ऐकून आमचा मुलगा म्हणे पलंगावर उठून बसला.

चिडायलाही ऐपत लागते, हे आमचं मत. त्याने 2010 ची वाट धरली.

(चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची चौकट. सुपाऱ्या, तोरिंगणं, नारळ. आरती.)

गोव्यातल्या आमच्या घरांत बोलणं कोकणीत आणि देवापुढे मराठी. भांडण कोकणीत, आरती मराठीत, जत्रेचं नाटक मराठीत. कुणाला हे विचित्र वाटतं. इथल्या पोराला ते वाटत नाही, कारण त्याने दुसरं काही पाहिलेलंच नसतं. घुमट, समेळ हा ढोल, कासाळं म्हणजे झांजा. समोर त्याचे मामा बसलेत, वीस वर्षं घुमट आरतीच्या पथकात आहेत. आरती पहा कशी चढते. सुरुवातीला पाय हलत नाहीत, शेवटी माटोळीच्या सुपाऱ्या हलतात.

दुसऱ्या अल्बमची पहिली ओळ त्याला इथे सुचली, मामांच्या शेजारी, दोन आरत्यांच्या मधे. ओळ मराठी होती. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

(कुंभारवाडा. कातडं पाण्यातून काढतात.)

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं. आता बकऱ्याचं लावतात. भिजवायचं, रुंद तोंडावर ओढायचं, दोरीने आवळायचं, सुकू द्यायचं. बोटं बघा, दोरी ओढताना पांढरी पडतात. म्हातारे म्हणतात, जुना आवाज गेला. गेला असेल. नवाही वाईट नाही, फक्त दमट हवेत लगेच मलूल होतो. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. कुंभारमामांना ही बातमी आम्ही कॅमेरा लावताना दिली.

(घर. खिडकीला गोधड्या. लॅपटॉप, दोन माइक.)

हा स्टुडिओ. पहिल्या दिवशी लॅपटॉपने टिकटिक दिली आणि मामांच्या कानाला हेडफोन लावला. मामांनी दोन आवर्तनं वाजवली, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “अरे, हें घड्याळ म्हजे फाटल्यान कित्याक धांवता?” म्हणजे, माझ्या मागून का धावतंय?

घड्याळ जागचं हलत नव्हतं, मामा चढत होते. आरतीची लय चढणारच. मग उलटं केलं. मामांनी मनासारखं वाजवलं आणि लॅपटॉपच्या ठोक्यांना मामांच्या मागून चालवलं. ठोक्यागणिक खूण. एका गाण्याला दोन रात्री गेल्या. त्यावर रॅप करणं म्हणजे चढावर पळत बोलणं. तिसऱ्या कडव्यात त्याला धाप लागते. ती धाप त्याने कापली नाही.

दुसरी अडचण फोनची. मिक्स झाला, गाणं आजोबांना ऐकवलं. फोन कानाशी. आजोबांनी पूर्ण ऐकलं, मग विचारलं, “घुमट खंय?”

घुमट होतं. पण फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला इतका खालचा सूर झेपत नाही, तो गळून जातो. उरते वरची थाप. आणि गाणी तर सगळे फोनवरच ऐकतात. म्हणून दुसरा माइक हा असा, उघड्या तोंडाशी, तळहाताला लागणार नाही इतक्या अंतरावर. त्या सुरावर थोडी खरखर चढवली, म्हणजे छोट्या स्पीकरलाही त्याची चाहूल लागते. हा प्रयोग चार वेळा झाला. दर वेळी परीक्षक आजोबाच.

एक सांगायला हवं. अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं वडिलांच्या टिप्परवर आहे आणि त्यात घुमट अजिबात नाही. नुसता बंद इंजिनाला चावी मारल्याचा आवाज. हे कबूल करायला आम्हाला आवडलं नाही, पण खरं आहे.

(फोनच्या पडद्यावर अल्बमचं चित्र.)

अल्बम आला. पहिल्यापेक्षा बराच जास्त ऐकला गेला, दोन जत्रांची बोलावणी आली, एका हॉटेलवाल्याने हिंदीत आहे का विचारलं. टिप्पर विकला गेला.

(जत्रा. रात्र. मंचामागे चहाची टपरी.)

नाटकाचा पडदा वर जायच्या आधीची दहा मिनिटं त्याला मिळालीत. हवा दमट आहे, कातडं ढिलं पडलंय. मामांनी चहावाल्याला पातेलं उतरवायला सांगितलं. शेगडीवर आता घुमट. मामा बोटाने टिचकी मारून ऐकतात. अजून नाही. पुन्हा फिरवतात.

मंचावरून त्याचं नाव पुकारलं जातंय.

(निवेदन इथे थांबेल. पुढे मूळ आवाज.)