गाडी कुणाच्या नावावर?

[दृश्य : कोथरूडमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. रविवारची सकाळ. एका गाडीचं बॉनेट वर.]

बॉनेटमध्ये चार माणसं वाकली आहेत. एक विकणारा, एक घेणारा. तिसरा घेणाऱ्याचा मेहुणा. त्याला बोलावलं कुणी नव्हतं, पण तो आला आहे. चौथा चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. तिथे तो हिशेबाच्या खात्यात का असेना, पुण्यात जुनी गाडी बघायला निघताना चाकणचा एक माणूस सोबत लागतोच. चौघं इंजिनाचा आवाज ऐकतायत, माना डोलावतायत. थोड्या वेळात भाव सुरू होईल, पाच-दहा हजारांवरून तासभर घासाघीस होईल.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव कुणाचं आहे, हे अजून कुणीच विचारलेलं नाही.

[शीर्षक]

पुण्यात जुन्या गाड्या येतात तरी कुठून? एक मोठा झरा हिंजवडी-खराडीकडचा. कंपनी परदेशात पाठवते, महिनाभरात निघायचं असतं आणि गाडी विकायची असते. असा विक्रेता भावात फार ताणत नाही, कारण त्याचं विमान ठरलेलं असतं. पण त्याची सही व्यवहार संपेपर्यंत इथे हवी, ओटीपी येणारा त्याचा मोबाइल नंबर चालू हवा. माणूस एकदा सिएटलला पोचला की अर्धवट राहिलेली ट्रान्सफर किती महिने लटकेल, ते सांगता येत नाही.

दुसरा झरा पेठांतला, कोथरूड-सहकारनगरचा. निवृत्त काका. गाडी अकरा वर्षांची, मीटरवर अडतीस हजार. सोबत जाडजूड फाइल : प्रत्येक सर्व्हिसचं बिल, प्रत्येक पीयूसी, बॅटरी कधी बदलली त्याची वहीत नोंद. काका भाव एकदाच सांगतात. त्यानंतर तेच तुम्हाला प्रश्न विचारतात. गाडी कुठे उभी करणार? सावलीत का? चालवणार कोण, तुम्ही की मुलगा? उत्तरं पटली नाहीत तर "बघतो, कळवतो," असं तेच म्हणतात.

अशी गाडी मिळाली तर नशीबच. पण कमी किलोमीटर म्हटलं की आपण जरा जास्तच भाळतो. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. टायरच्या कडेला एक चार आकडी नोंद असते. २३१६ लिहिलं असेल, तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी दिसली तरी तो म्हातारा झालेला असतो. होज पाइप, बेल्ट, बॅटरी, सगळ्यांचं तेच. काकांच्या गाडीवर पहिल्या वर्षात टायरचा खर्च धरूनच भाव बोलावा.

[दृश्य : हिंजवडीकडे जाणारा रस्ता, सकाळची गर्दी, गाड्या इंचाइंचाने सरकतायत.]

आणि ही दुसरी गंमत. हिंजवडीला रोज जाणारी गाडीसुद्धा वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालते. पण ते अंतर कापायला तिला किती तास लागले, ते मीटर सांगत नाही. वाकडच्या पुलाखाली रोज अर्धा-अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेल्या गाडीची क्लच प्लेट हायवेवर लाखभर पळालेल्या गाडीपेक्षा आधी संपू शकते. म्हणून चाचणी सोसायटीभोवती एक चक्कर मारून होत नाही. बोपदेव किंवा कात्रजचा घाट गाठा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात रेंगाळतेय, असं झालं तर क्लच गेला.

डिझेल गाडी असेल तर आणखी एक. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. मेकॅनिक त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. कर्वेनगर ते डेक्कन, डेक्कन ते कर्वेनगर एवढ्यावरच आयुष्य गेलेल्या गाडीत तो तुंबतो, आणि बदलायचा खर्च ऐकून माणूस खुर्ची शोधतो. शहरातल्या शहरात फिरायला जुनी डिझेल गाडी घ्यावी, असं आम्हाला तरी वाटत नाही.

सीएनजी बाहेरून बसवलेला असेल तर आरसीवर तशी नोंद आहे का, विम्यात आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, एवढं पाहिलं की पुढे जा.

[दृश्य : सिंहगड रोड, मुठेचं पात्र. पावसाळ्यातली जुनी छायाचित्रं.]

आता जरा थांबू, कारण पुण्यात जुनी गाडी घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत सोसायट्यांच्या भिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. अशा पुरातून निघालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं? काही दुरुस्त होऊन मालकाकडेच राहतात. काहींना विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशा, ठरवते, त्या लिलावात जातात. लिलावातून घेतलेली गाडी धुऊन, वाळवून, पॉलिश मारून पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. बहुधा दुसऱ्या गावात, जिथे आंबिल ओढा कुणाला माहीत नसतो. तसाच दुसऱ्या गावचा पूर आपल्याकडेही येतो.

शाम्पूने सीट स्वच्छ होतात. सीट बेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून बघा. रोज वापरात न येणारा जो आतला भाग आहे, त्यावर गढूळ पाण्याची रेघ राहून जाते. सीट ज्यावर सरकते ती पट्टी आणि तिचे बोल्ट गंजलेत का? डिकीत स्टेपनी उचलून तळाशी गाळ आहे का? फ्यूजच्या डबीत मातीचा पातळ थर? काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास येत असेल तर उतरा. आणि गाडीत शिरताच अत्तराचा दर्प आला, तर तो का मारला असेल, याचा विचार करा. बुडालेल्या गाडीचं इंजिन सुधारतं, वायरिंग नाही. वर्षभराने कधी पॉवर विंडो, कधी एअरबॅगचा दिवा, असं एकेक सुरू होतं.

[दृश्य : रस्त्याकडेला ओळीने उभ्या चकचकीत गाड्या. प्रत्येकीच्या काचेवर किमतीची पाटी.]

हे डीलरांचं जग. यात कंपन्यांचे स्वतःचे विभाग आहेत. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू २००१ पासूनचं. ॲपवरून गाडी विकणाऱ्या कंपन्या आहेत. आणि नगर रोड, सातारा रोड, पिंपरीकडे रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून बसलेले शेकडो. शिवाय नुसता मोबाइल घेऊन फिरणारे एजंट, ज्यांच्याकडे शेडही नाही. सगळ्यांची भाषा एकच : सिंगल हँड, नॉन-ॲक्सिडेंट, डॉक्टरांची गाडी. पुण्यात इतके डॉक्टर इतक्या गाड्या विकत असतील तर दवाखाने कोण चालवतं, हा एक वेगळा माहितीपट होईल.

डीलर महाग पडतो, यात लपवण्यासारखं काही नाही. त्याला जागेचं भाडं आहे, नफा आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरला त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे. काकांकडून घेताना हा कर नाही. मग डीलरकडे जायचं कशाला? कारण तिथे उद्या जाऊन उभं राहता येतं. त्याने बिल दिलं असेल तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते. घरगुती विक्रेता व्यापारी नसतो, त्यामुळे तिथे तो रस्ता सहसा बंद. काकांकडे गाडीचा इतिहास मिळतो, डीलरकडे पत्ता मिळतो. दोन्ही एके ठिकाणी क्वचितच. वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचा. क्लच, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर त्यात बहुतेक नसतात. नेमकं तेच आधी जातं.

पण डीलरच्या टेबलाच्या खणात एक गोष्ट असते, ती बघायला मागा. गाडीचा मूळ मालक गाडी देऊन, पैसे घेऊन निघून जातो. जाताना फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांवर, सह्या करतो. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. ते कोरे फॉर्म खणात पडून राहतात. गाडी एका एजंटाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. गिऱ्हाईक मिळालं की कोऱ्या जागेत त्याचं नाव. मधल्या महिन्यांत गाडी कोण चालवत होतं, कुठे नेली होती, याचा पत्ता कागदावर कुठेच नाही. कागदावर गाडी अजून त्या पहिल्या मालकाचीच.

हे थांबवायला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यायचं. गाडी ताब्यात आली की मालकाने आणि त्याने मिळून तसं ऑनलाइन कळवायचं. तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरची. त्याने ती फक्त चाचणी, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांसाठीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. तेव्हा शेडमध्ये शिरल्यावर चहा येण्याआधी विचारा, "प्राधिकारपत्र आहे का?" उत्तर काय येतं, यापेक्षा ते किती वेळाने येतं, ते ऐका.

[दृश्य : संगम पुलाजवळचं आरटीओ. बाहेर झेरॉक्सची दुकानं, फाइल घेतलेली माणसं.]

मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विकणाऱ्याला यात आळस असतो, कारण पैसे तर मिळालेले असतात. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निकाल. गाडी विकून झालेली, पुढे तिने आणखी हात बदललेले, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर. अपघातात मूल गेलं. भरपाईची जबाबदारी कुणावर? न्यायालय म्हणालं, नोंदणीवर ज्याचं नाव तो मालक. ज्याने ती गाडी कधीच विकून टाकली होती, तो.

घेणाऱ्यालाही तितकाच धोका. जुन्या मालकाच्या नावाचा विमा चालू आहे म्हणून तो निर्धास्त असतो. दुसऱ्याला झालेल्या इजेचं संरक्षण गाडीबरोबर येतं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं काय? पॉलिसी १४ दिवसांच्या आत नावावर करून घेतली नाही, तर कंपनी हात वर करू शकते. आणि विक्रेत्याने "पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे बरं का" असं सांगितलं तर नुसतं हसा. तो बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. विक्रेता तो काढून घेऊन आपल्या नव्या गाडीला लावणार आहे.

कर्जाचंही असंच. "लोन कधीच फिटलंय," म्हणतात आणि ते खरंही असतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हातात ठेवू नका, थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. हे सगळं परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर घरबसल्या दिसतं : कितवा मालक, बोजा, विमा, पीयूसी. थकलेली ई-चलानं वेगळी बघा. टिळक रोडवर सिग्नल तोडणारा दुसराच असतो, पण दंड गाडीच्या नंबराला चिकटलेला असतो.

पंधरा वर्षांच्या आसपासची गाडी स्वस्त का, तेही आधी समजून घ्या. पंधराव्या वर्षी नोंदणी संपते. पुन्हा तपासणी, पर्यावरण कर, आणि नूतनीकरणाचं शुल्क, जे १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. दिल्लीची गाडी स्वस्त असते ती आणखी वेगळ्या कारणाने. २०१५ पासून तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून आठ-नऊ वर्षांची मोठी गाडी मोहात पाडणाऱ्या भावात मिळू लागली. तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, नवा एमएच नंबर, तिकडच्या कराच्या परताव्यासाठी खेटे, एवढं बेरजेत धरा. मग तो मोह बराच उतरतो.

भावाला मुहूर्त असतो. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा शेडवाला मवाळ असतो. दसरा-दिवाळीत लोक नव्या गाड्या घेतात, जुन्या एक्स्चेंजमध्ये देतात. त्यानंतर माल भरपूर. एक जानेवारी उलटली की तीच गाडी सालाने एक वर्ष जुनी, आणि भाव पाडायला तुमच्या हातात आयतं कारण.

[दृश्य : खेड-शिवापूर टोलनाका. गाड्यांची रांग.]

व्यवहार झाला, दोन्ही किल्ल्या मिळाल्या, फॉर्म भरले, पेढे वाटले. पहिल्याच रविवारी मंडळी नारायणपूरला निघतात. नाक्यावरचा दांडा वर जातो, सगळे खूश. टोल कापल्याचा मेसेज मात्र कोथरूडच्या काकांना जातो, कारण काचेवरचा फास्टॅग अजून त्यांच्या खात्याचा आहे. संध्याकाळी परतीचा दुसरा मेसेज. सोमवारी सकाळी नऊ वाजता काकांचा फोन येणार, आणि ते आधी गाडी सावलीत लावली का, हे विचारणार. त्यांनी आपला फास्टॅग बंद करायचा, तुम्ही तुमचा नवा घ्यायचा. त्यासाठी आरसी लागते, तुमच्या नावाची.