हिरड्याची आठळी

[दृश्य: कोल्हापूर, चप्पल लाईन. वेणीचे पट्टे, पायात करकरणारी नवी जोडी.]

निवेदन:
कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्याचे मानकरी. गिऱ्हाईक पट्टा बघतं, करकर ऐकतं, भाव पाडतं. कातडं कशानं कमावलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

म्हशीच्या कातड्याला चुना लावून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचं. जुन्या रीतीत कातडं पिशवीसारखं शिवून, आत हे पाणी भरून टांगतात. काही आठवडे जातात. क्रोमच्या क्षारांनी हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं. उरलेलं क्रोमियम मात्र सांडपाण्यात जातं.

[दृश्य: शाहूवाडीकडचं रान. एक बाई झाडाच्या बुंध्याला टेप गुंडाळताहेत.]

या वनस्पतिशास्त्राच्या संशोधक. विषय: शाश्वत वनव्यवस्थापन आणि जैव-अर्थव्यवस्था, म्हणजे झाडं-प्राण्यांपासून मिळणाऱ्या मालावर चालणारे धंदे. शब्द जड आहेत, पण त्यांच्या वहीत प्रश्न एवढाच असतो: झाडाचा कोणता भाग नेला?

जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, त्या प्रत्येक हिरड्याचा घेर घेतात. मग गुडघे टेकून खालची रोपं मोजतात. वर जुने, जाडजूड बुंधे आणि खाली एक रोप नाही, असं दिसलं की त्या वही मिटून थोडा वेळ गप्प बसतात. रान हिरवंगार दिसतं, पण त्याला पुढची पिढी नसते.

[दृश्य: नरक्याचं झाड, जवळून.]

नरक्याचं काय झालं, ते सह्याद्रीनं पाहिलंय. या वासाड्या झाडात कॅम्पटोथेसिन असतं, हे १९७२ साली कळलं. टोपोटेकन, इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं त्याच रसायनापासून होतात. औषध मोलाचं, पण माल खोडात आणि मुळांत. म्हणून झाडं मुळासकट गेली. बाभळीचंही तेच. साल सगळीकडून सोलली की झाड वाळतं.

हिरड्याचं फळ नेतात, झाड उभं राहतं. मग चिंता कसली?

[दृश्य: सुपात तीन प्रकारचे हिरडे.]

चिंता बाळहिरड्याची. आठळी धरायच्या आत तोडलेलं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. औषधवाल्यांकडे त्याला भाव जास्त. त्यापुढचा चांभारी हिरडा, आणि पूर्ण पिकला की सुरवारी. ज्या रानात सगळाच माल बाळहिरडा म्हणून उतरतो, तिथं रुजायला बी कुठून येणार? तोडणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. घरात पैसा लागतो, आणि कोवळ्या फळाला तो जास्त मिळतो.

कातडं कमावणाऱ्याला मात्र भरलेलं, आठळी धरलेलं फळ लागतं. म्हणजे चप्पल-धंदा हा इथं रानाचा मित्र ठरू शकतो. केंद्रानं २०२४ साली जैव-उत्पादनासाठी बायोई३ धोरण आणलं. त्यात चर्चा प्रयोगशाळांची, किण्वनाच्या, म्हणजे आंबवण्याच्या टाक्यांची. ते हवंच. पण कोल्हापूरच्या सुभाषनगरात टांगलेली कातड्याची पिशवी हीसुद्धा जैव-अर्थव्यवस्थाच, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही.

[दृश्य: वाडीतलं अंगण. बायका हिरडे फोडताहेत.]

संशोधकांचं म्हणणं असं: कातडं कमावणारं द्रव्य, म्हणजे टॅनिन, असतं ते गरात, आठळीत नव्हे. मग अख्खं फळ कोल्हापूरला कशाला पाठवायचं? पिकलेलं फळ वाडीतच फोडा, सुका गर पोत्यात भरा, आठळ्या मागे ठेवा. गाडीभाडंही वाचेल. आठळीचं कवच टणक, ती सहजी रुजत नाही. म्हणून कवचाला चीर देऊन, भिजवून, पिशवीत लावून बघणं चालू आहे. काही उगवतात, बऱ्याच कुजतात.

"बाई, फोडायची मजुरी कोण देणार?" अंगणातून प्रश्न येतो.

बाई हसत नाहीत. वन हक्क कायदा २००६ सालचा. गौण वनोपज, म्हणजे हिरड्यासारखा रानातला माल, गोळा करून विकायचा हक्क त्यानं दिला. भाव मात्र कायद्यानं मिळत नाही. पुढच्या आठवड्यात त्या कातडेवाल्यांकडे सुक्या गराचा नमुना घेऊन जाणार आहेत. किलोला काय देणार, ते तिथं ठरेल.