नाकतोड्याचं सोंग

(पडद्यावर: उभा बॉयलर, वर-खाली होणारे लांब दांडे)

हे इंजिन नीट बघा. मधोमध पिंपासारखा उभा बॉयलर आणि वरच्या तरफांपासून खाली उतरलेले हे लांबलचक दांडे. गाडी सुरू झाली की दांडे नाकतोड्याच्या पायांसारखे हलू लागतात. म्हणूनच अमेरिकेत या जातीच्या इंजिनांना 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा, हे नाव पडलं.

(जुनं छायाचित्र: मैदान, प्रेक्षकांची गर्दी)

साल १९२७. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेला शंभर वर्षं झाली, म्हणून कंपनीने बाल्टिमोरजवळ हेलथॉर्पला जत्राच भरवली. 'फेअर ऑफ द आयर्न हॉर्स'. तीन आठवडे, प्रवेश फुकट, १२ लाखांहून जास्त माणसं. शतकभरातली इंजिनं एकामागून एक प्रेक्षकांसमोरून मिरवत गेली. इंग्लंडहून 'किंग जॉर्ज फिफ्थ' नावाचं कोरं करकरीत इंजिन आलं आणि परत जाताना भेट मिळालेली घंटा घेऊन गेलं.

दुमजली डबे ओढत आपला नाकतोडाही आला. नाव 'अटलांटिक', जन्म १८३२.

पण ते अटलांटिक नव्हतंच!

खरं अटलांटिक केव्हाच मोडीत निघालं होतं. हे १८३६ सालचं 'अँड्र्यू जॅक्सन'. पन्नासहून जास्त वर्षं इमानाने राबलेलं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी कंपनीला जुनं काहीतरी दाखवायचं होतं, तेव्हा याच्यात फेरफार करून त्याला थोरल्या भावाचं रूप दिलं. आपल्याकडे बोहाड्यात सोंग घेणारा माणूस खेळ संपला की मुखवटा उतरवतो. याचा उतरलाच नाही.

आता त्या बिचाऱ्याला नावं का ठेवा? सोंग मिळालं नसतं तर तेही भंगारातच गेलं असतं.

(पडद्यावर: छोटं इंजिन, उंच धुराडं)

'टॉम थम्ब'ची गोष्ट याहून गमतीची. पीटर कूपरने १८३० मध्ये बनवलेल्या या चिमुकल्या इंजिनात बॉयलरच्या नळ्या म्हणून बंदुकीच्या नळ्या बसवल्या होत्या. चार वर्षांत त्याचे सुटे भाग झाले. जत्रेसाठी प्रतिकृती करायची, तर समोर होता फक्त एक लाकडी नमुना, तोही पँगबॉर्न नावाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने शिकागोच्या वेळी करवून घेतलेला. त्याबरहुकूम जे घडलं ते मुळापेक्षा मोठं, जड आणि बरंच उंच.

मूळ टॉम थम्ब धावत होतं तेव्हा फोटो काढण्याची कला अजून प्रचारातच आली नव्हती. त्यामुळे 'टॉम थम्बचा फोटो' म्हणून तुम्ही कुठेही काही पाहिलं असेल, तर ती प्रतिकृतीच.